वाळलेलं म्हणून उपटू नका

बेंगळुरूच्या लालबागेतल्या सुमारे 300 कोटी वर्षांच्या खडकावर उभं राहिलं, की मला सह्याद्रीचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, आणि तिथल्या वनस्पती आठवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 2023 मध्ये पश्चिम घाटातल्या अशा 62 वनस्पती नोंदवल्या, ज्या कोरड्या दिवसांत जवळजवळ सगळं पाणी गमावतात आणि पाऊस पडला की पुन्हा हिरव्या होतात. पेशींतल्या साखरा पाण्याची जागा घेऊन नाजूक आवरणं सांभाळतात. केवढी ही तयारी! असं रोप रोपवाटिकेतून मिळालं, तर खडीमिश्रित, पाणी न साचणारी माती द्या. करपलेलं दिसलं तरी उपटू नका. पाणी शिंपडून थोडे दिवस थांबा. सड्यावरून मात्र काही आणू नका. या वनस्पतींतल्या काही जाती पश्चिम घाटाबाहेर कुठेच उगवत नाहीत.