रिद्धपूरची विद्यार्थिनी

महदाइसा हे नाव शाळेत एका गुणापुरते येते. आद्य मराठी कवयित्री कोण? महदंबा ऊर्फ महदाइसा, रचना 'धवळे'. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा घाट घातला गेला, तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचली. एवढे लिहिले की गुण पक्का. महानुभाव पंथाच्या गद्यग्रंथांत मात्र भेटते ती मुख्यतः एक चिवट विद्यार्थिनी. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींनी काही केले, काही म्हटले, की हिचा प्रश्न तयार. स्वामी निघून गेल्यावर तिने तोच ससेमिरा त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यामागे लावला. त्यांनी वैतागावे की कौतुक करावे? त्यांनी कौतुक केले, आणि 'स्मृतिस्थळा'त ते नोंदलेही गेले.

तेराव्या शतकातली एक विधवा बाई भर मंडळीत प्रश्न विचारते आणि तो प्रश्न तिच्या नावासकट ग्रंथात उतरतो. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर तीर्थ म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा म्हणून त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

चक्रधर उत्तरापंथे गेल्यावर त्यांचे अनुयायी त्यांच्या गुरूंच्या, गोविंदप्रभूंच्या, आश्रयाने रिद्धपूरला राहिले. इथेच साधारण 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. म्हाइंभट मूळचे वादात हार न मानणारे शास्त्री. अशा माणसाने ज्याच्या-त्याच्या दारी जावे, स्वामींची कोणती आठवण तुझ्यापाशी आहे म्हणून विचारावे, ऐकलेले नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यावे, हे विद्वानाला सोपे नसते. सांगणाऱ्यांत साध्या बायाबापड्याही होत्या. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा हिराइसा या पंथातल्याच बाईच्या स्मरणातून एक पाठ उभा राहिला. तो तिच्याच नावाने ओळखला जातो. आजच्या किती पाठ्यपुस्तकांना विद्यार्थिनीचे नाव आहे?

याच मंडळीतले केसोबास संस्कृतात लिहू पाहत होते. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण संस्कृत ग्रंथ झाला तर मंडळीतल्या म्हाताऱ्या विद्येला मुकल्या असत्या. वर्गात सर्वांत मागे कोण बसले आहे, ते पाहून शिकवण्याची भाषा ठरवायची, असा हा निर्णय होता. याच केसोबासांनी 'दृष्टांतपाठ' मांडला. आधी स्वामींचे सूत्र, मग त्यांचाच दृष्टांत आणि शेवटी केसोबासांनी जुळवलेले दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताची सूत्राशी घातलेली सांगड. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. कोणाला हत्ती खांबासारखा लागतो, कोणाला सुपासारखा. सूप घरोघरी असते, त्यामुळे कोणालाच समजावून सांगावे लागत नाही.

आता अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या क्लासमध्ये डोकावावे. दहावीचा निकाल लागला की खेड्यापाड्यातली मुले गादी, बादली घेऊन इथे खोली करतात. सकाळी क्लास, दुपारी मेस, संध्याकाळी पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट. 2025 च्या 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. मिनिटाला एक प्रश्न सोडवणाऱ्या पोराने 'सर, पण असं का?' म्हणून हात वर केला, तर बाकीच्यांचे घड्याळ थांबते. सर चांगले असतात, ते म्हणतात, 'डाउट सेशनला ये.' शंकेलासुद्धा वेळापत्रकात खण ठरलेला. प्रश्न कायम दुसऱ्या कोणीतरी काढलेला, छापून आलेला, सोबत चार पर्याय. विद्यार्थ्याने करायचे ते एवढेच, की गोल काळा करायचा.

क्लासवाल्यांना झोडपणे सोपे आहे आणि अर्धेच खरे आहे. अनेक क्लासमधले सर तयारी करून येतात, पेपर तपासून देतात, पोराचा टक्का घसरला तर घरी फोन लावतात. शेतकऱ्याच्या मुलीला सरकारी मेडिकलची वाट तिथूनच दिसते, आणि ती खोटी नाही. बिघडले ते कॉलेजात. नाव कॉलेजात, मुक्काम क्लासात, या सोयीच्या सोयरिकीने कनिष्ठ महाविद्यालयांचे वर्ग ओस पडले. 2018 मध्ये राज्याने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावून पाहिली. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, रँकची हमी देऊ नये. दोन्हीकडे इलाज शोधला तो नियमांत. हजेरी अंगठ्याने लागते. वर्गात बसावेसे वाटायला मात्र समोर शिकवणारा लागतो.

रिद्धपूरच्या परंपरेचे गोडवे गातानाही हात जरा आखडता घ्यावा. ज्या पंथाने म्हाताऱ्यांसाठी मराठी धरली, त्यानेच पुढे पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केल्या. शेकडो वर्षे बाहेरच्याला त्या वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली. मग य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आणि बुलडाणा जिल्ह्यातून आलेले वि. भि. कोलते यांनी हयात घालवून ग्रंथ वाचते केले. कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी संपादलेले 'लीळाचरित्र' 1978 चे.

मराठी भाषा विद्यापीठ आता याच गावात आहे. 2023 चा त्याचा कायदा, 2024 मध्ये पहिले कुलगुरू डॉ. अविनाश आवलगावकर, त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. इमारती होतील, पदे भरली जातील, चर्चासत्रांत हारतुरे होतील. पण या विद्यापीठाची प्रश्नपत्रिका कशी निघते, ते पाहण्यासारखे असेल. महदाइसेवर तिथेही एका गुणाचाच प्रश्न येणार का? की मोर्शीच्या पोरीपुढे सकळ लिपीतले एक पान ठेवून 'वाच, आणि तुला काय विचारावेसे वाटते ते लिही' असे सांगणारा एखादा मास्तर निघेल? अशी उत्तरपत्रिका तपासायला वेळ लागतो आणि तिचे गुण यंत्राला मोजता येत नाहीत. विद्यापीठ छोटे आहे, विद्यार्थीही अजून मोजकेच असतील. तेवढ्यांच्या उत्तरपत्रिका हाताने तपासणे अवघड जाऊ नये.