ब्रांच कुणी निवडली?

भूलशास्त्र मी ‘आवड म्हणून’ घेतलं, असं वर्षानुवर्षं सांगत आलोय. इंटर्नशिप करणारी आमच्या आगाशीतली पोरं घरी येऊन ‘काका, रेडिऑलॉजी की मेडिसिन?’ विचारतात, तेव्हाही हेच ऐकवतो. खोटं नाही ते. पण आवड आली कुठून, हे मी कधी सांगत नाही.

इंटर्नशिपमध्ये वॉर्डात माझं काम रक्त काढायचं, नमुने लॅबला पोचवायचे, रिपोर्टांमागे धावायचं. मानसोपचाराचे दोन आठवडे रजिस्टर भरण्यात गेले. ऑपरेशन थिएटरात मात्र भूल देणाऱ्या एका मॅडमनी माझी बोटं धरून पेशंटच्या जबड्याखाली ठेवली. ‘जबडा पुढे घे. मास्क घट्ट. आता बॅग दाब.’ छाती वर आली. त्या दिवशी मॅडम रजेवर असत्या, तर मी आज भूल देत असतो का? उरलेलं प्रवेश परीक्षेतल्या रँकनं ठरवलं.

काम असं समोर येऊनच माणसाला निवडतं, हे पोरांना पटवायला माझ्याकडे दाखले आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथे विंचूदंशाचे पेशंट दगावत होते. त्यांच्या निरीक्षणांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं कितीतरी जीव वाचले. विंचवाची ब्रांच कुठल्या काउन्सेलिंगच्या यादीत असते? 1969 साली सुरू झालेलं सेवाग्रामचं कॉलेज तर पहिल्याच वर्षी पोरांना खेड्यात मुक्कामाला नेतं. हे दाखले मला तोंडपाठ आहेत, आणि मी ते फार ऐटीत देतो.

मी गावी परतलो, त्याला लोक सेवा म्हणतात. मी नाही म्हणत नाही. खरं म्हणजे विरार-नालासोपाऱ्यात नर्सिंग होम वाढत होती, भूलतज्ज्ञाला स्वतःचा दवाखाना थाटावा लागत नाही, फोन आला की गाडी काढायची. शिवाय घर आणि केळीची वाडी इथेच.

परवा अर्नाळ्याची एक इंटर्न म्हणाली, ‘काका, मला जनरल प्रॅक्टिस आवडते.’ आरोग्य केंद्राच्या पोस्टिंगमध्ये तिथल्या डॉक्टरांनी तिला बीपी-शुगरच्या पेशंटांशी निवांत बोलायला बसवलं होतं. म्हणजे तिलाही कुणीतरी हात धरून बसवलं होतं. मी फटकन म्हणालो, ‘नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतं?’

व्यवहाराला धरूनच बोललो. फीचं कर्ज, लग्नाच्या बाजारातली विचारणा, सगळं मला ठाऊक आहे. पण गावात रात्री कुणाला ताप चढला तर दार वाजतं ते फॅमिली डॉक्टरचं. माझं नाव तर पेशंटला ऑपरेशननंतर आठवतही नाही. तिच्या काळजीपोटी बोललो, की हे कुठेतरी सलतं म्हणून?

ती पुन्हा आली तरी बहुधा रेडिऑलॉजीच सांगेन. पण त्याआधी आमच्या इथल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना फोन करून बघतो, महिनाभर पोरीला शेजारी खुर्ची देतील का.