संशोधनाचे प्रामाण्य आणि शिक्षकाचा फळा

शैक्षणिक संशोधनाचा निष्कर्ष शिक्षकाच्या हाती येतो तेव्हा त्याने तो कोणत्या अधिकाराने स्वीकारावा, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटला तरी मुळात प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञानाची साधने तपासणाऱ्या शास्त्राचा आहे. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. त्यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचे, विषय यथार्थ जाणून तो तसाच सांगणाऱ्याचे वचन. प्रयोग शिक्षकाने केलेला नसल्यामुळे संशोधकाचे प्रत्यक्ष त्याच्यापर्यंत शब्दरूपानेच पोहोचते.

उदाहरणार्थ, अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दोन उतारे एकदा वाचल्यावर त्यांपैकी एक पुन्हा वाचला, तर दुसरा न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेला उतारा अधिक आठवला. आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत मात्र त्याचा सुमारे 42 टक्के, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्याचा सुमारे 56 टक्के मजकूर सांगता आला. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला सांगितलेल्या श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे सातत्याने केलेले ध्यान, या क्रमाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि तेथे विषय आत्मज्ञानाचा आणि येथे उताऱ्याच्या स्मरणाचा असल्यामुळे, उपनिषदाने हे आधीच सिद्ध केले होते असा दावा टिकणारा नाही.

परंपरा आणि प्रयोग असे शेजारी आले असता कोणती वृत्ती धरावी, याचा एक नमुना लोणावळ्यात सापडतो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली तेथे कैवल्यधाम या योगसंस्थेची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. मीमांसा या शब्दाचा परंपरेने दिलेला एक अर्थ ‘पूजित विचार’, म्हणजे आदर राखून केलेली चिकित्सा, असा आहे. नौली या पोटाच्या योगक्रियेच्या वेळी पोटात काय घडते हे ग्रंथाच्या आधारावर मानून न घेता त्यांनी मोठ्या आतड्यातील दाब मोजला आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो असे दाखवले. परंपरा त्यांनी टाकली नाही आणि तपासल्यावाचून ठेवलीही नाही.

हीच वृत्ती लोणावळ्याच्या परिसरातील, मावळातील वर्गात आणायची, तर भातलावणीच्या किंवा संततधार पावसाच्या दिवसांत आठवडाभर घरी राहिलेल्या मुलांना मागचा धडा लगेच पुन्हा न शिकवता, आधी पाटीवर इंद्रायणी नदीची वाट आठवेल तशी काढायला सांगता येईल. एखादे मूल लोणावळा, कामशेत लिहून आळंदीनंतर देहू मांडील. ती चूक तेथेच दुरुस्त झाली तर आठवण्याचे श्रम वाया जात नाहीत. मात्र महाविद्यालयीन तरुणांवर सिद्ध झालेले तिसरीच्या मुलांनाही तसेच लागू पडते का, हे शिक्षकाने पुढच्या आठवड्यात त्याच पाट्या पाहून ठरवावे लागते. तेव्हा आप्तवचनाला शिक्षकाच्या स्वतःच्या प्रत्यक्षाची जोड मिळते.

तरीही एक मर्यादा उरते. दाबमापकाने दाब कळला, कैवल्य कळले नाही. त्याचप्रमाणे 56 आणि 42 हे आकडे किती लक्षात राहते ते सांगतात, काय लक्षात राहावे ते सांगत नाहीत. पाटीवर नदीकाठच्या गावांचा क्रम पुरेसा आहे, की देहूतल्या तुकोबांचे आणि आज त्याच पाण्याला आलेल्या मळकटपणाचे भानही मुलाला हवे, हे ठरवण्याचे उत्तरदायित्व कोणत्याही प्रयोगावर सोपवता येत नाही.