नवा संगणक घ्यायची घाई नको

मुरबाड

चि. सोनूस,


काल वहिनींचा फोन आला होता. बोलता बोलता त्या सांगून गेल्या, की शाळेतला संगणक व्हिडिओ लावला की अडखळतो, म्हणून तू स्वतःच्या पैशांनी नवा घ्यायचं मनात धरलं आहेस. अगं, शिक्षण सेवकांचं मानधन २०२३ पासून १६,००० झालं हे खरं, पण त्यातून खोलीचं भाडं, आसनगावपर्यंतच्या जीपचे पैसे आणि डबा वजा केल्यावर हातात काय उरतं ते मला माहीत आहे. शाळेवर जीव टाकावा, पण हे पत्र वाचून होईपर्यंत तरी पाकिटाला हात लावू नकोस.

इकडचं सगळं ठीक. म्हशाची यात्रा झाली, तुझे बाबा बैलबाजारात नुसते फिरून आले आणि आल्यावर दोन दिवस पाय चेपून घेत होते. वाल भरपूर आले आहेत, सोलून ठेवते, तू आलीस की बिरडं करू.

आता मुद्द्याचं. तू सेटिंग्जच्या पानाचा जो फोटो पाठवलास, त्यात इंटेल आय-थ्री २१०० असं दिसतं. ही २०११ सालची चिप. विंडोज १० ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यावर कचेऱ्यांनी असे कितीतरी संगणक काढून टाकले, त्यातलाच एक तुमच्या पाड्यावर आला असणार. त्यावर लिनक्स मिंट टाकलंस हे फार बरं केलंस. पण ‘मशीन म्हातारं झालं’ हा निकाल मात्र घाईचा आहे. त्या चिपच्या पोटात व्हिडिओ उलगडण्यासाठी एक वेगळा भाग आहे. तो भाग काम करत असेल तर प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहतो. तो बाजूला पडला की सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंघावतो आणि चित्र थांबत थांबत पुढे जातं. म्हणून आधी एवढंच शोधायचं, की तो भाग जागा आहे का आणि त्याला कळणाऱ्या भाषेतला व्हिडिओ आपण देतो आहोत का.

लहानपणी तू बॅटरी लागली नाही की सेल न बघता थेट स्क्रूड्रायव्हर घ्यायचीस. आता तसं करू नकोस, बाळा. कुणीतरी कुठेतरी लिहिलेल्या आज्ञा ‘सुडो’ लावून धडाधड टाइप करू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते वहीत लिहायचं.

टर्मिनल उघड आणि व्ही, ए, आय, एन, एफ, ओ ही सहा अक्षरं लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप कर. ही आज्ञा संगणकावर नसेल तर आधी त्याच नावाचं पॅकेज बसवून घे. सुरुवातीला ‘आय-एच-डी’ नावाचा ड्रायव्हर चालला नाही अशी ओळ दिसली तर घाबरू नकोस. तो ब्रॉडवेल पिढीच्या आणि त्यानंतरच्या चिपसाठी आहे. तो नाही म्हणाला की ‘आय ९६५’ हा जुना ड्रायव्हर पुढे येतो, आणि तुझ्या चिपला तोच हवा. तो आलाच नाही तर त्याचं व्हीए-ड्रायव्हर पॅकेज बसवायचं राहिलं आहे. आणि हीच आज्ञा सुडो लावल्यावर चालते पण तुझ्या साध्या खात्यातून चालत नाही असं झालं, तर दोष चिपचा नाही, परवानगीचा आहे. तुझं खातं ‘रेंडर’ आणि ‘व्हिडिओ’ या गटांत टाकून पुन्हा लॉगिन कर.

मग खाली एक यादी येईल. ज्या ओळींच्या शेवटी व्ही-एल-डी आहे, ते प्रकार ही चिप उलगडू शकते. तुझ्याकडे एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४ दिसायला हवेत. एचईव्हीसी आणि व्हीपी९ दिसणार नाहीत, कारण ते दोन्ही प्रकार २०१३ चे, चिपनंतरचे. एव्ही१ तर २०१८ चा. माझ्या मते तुझ्या अडचणीचं मूळ इथेच आहे. नवे फोन बऱ्याचदा एचईव्हीसीत चित्रण करतात, आणि यूट्यूब ब्राउझरला बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ देतं. म्हणजे तुझ्या संगणकाला सारखा न येणाऱ्या भाषेतला धडा वाचायला लावला जातो आहे.

आपल्या तालुक्यात फांगण्याला २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, तेव्हा योगेंद्र बांगर गुरुजींनी गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्यांच्या हातात पाटी दिली, दहावीचं पुस्तक नाही. तुझ्या आय-थ्रीला तेवढीच सवलत दे.

फोनवरचे व्हिडिओ ‘हँडब्रेक’ या प्रोग्रॅममध्ये घालून ‘फास्ट ७२०पी ३०’ या तयार मांडणीने बदलून घे. ते एच.२६४ मध्ये निघतात. जुन्या मशीनवर या कामाला वेळ लागतो, तेव्हा शाळा सुटल्यावर लाव. वर्गातल्या पडद्याला ७२०पी पुरतं, मोठ्या आकड्यांचा मोह नको.

नंतर ‘एमपीव्ही’ने लावून बघ. हा प्लेअर स्वतःहून चिपचा तो भाग वापरत नाही, त्याला सांगावं लागतं: एचडब्ल्यूडेक बरोबर व्हीए-एपीआय, असं त्याच्या मांडणीच्या फाइलीत एकदा लिहून ठेव. व्हिडिओ चालू असताना ‘आय’ दाबलंस की माहिती उमटते. तिथे व्हीए-एपीआय दिसलं म्हणजे काम फत्ते. खात्रीच हवी असेल तर ‘इंटेल जीपीयू टॉप’ चालव. त्यात ‘व्हिडिओ’ची पट्टी हलली पाहिजे. ती शून्यावर आणि प्रोसेसर शंभरावर, असं दिसलं तर भाग अजून झोपलेलाच आहे.

ब्राउझरचं जरा नाजूक आहे. फायरफॉक्सने जुलै २०२३ च्या ११५व्या आवृत्तीपासून लिनक्सवर इंटेल चिपसाठी ही सोय चालू करून दिली, पण इतक्या जुन्या चिपवर ती लागेलच असं नाही. ‘अबाउट सपोर्ट’च्या पानावर मीडियाच्या भागात बघ. यूट्यूबसाठी ‘एच २६४ इफाय’ नावाचं एक छोटं जोडकाम मिळतं, ते यूट्यूबला एच.२६४ द्यायला भाग पाडतं. तरीही अडलं तर ब्राउझरच्या नादी लागू नकोस. जे धडे रीतसर उतरवून घेता येतात ते घे आणि एमपीव्हीने लाव. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे धडे मराठीतून आहेत, ते तुलाही उपयोगी पडतील. आणि तुमच्या डोळखांबच्या बाजूला नेट किती असतं हे मी तुला सांगायला नको.

एक अजून. संगणकाच्या डब्यात मागून लावलेलं जुनं एनव्हिडिया कार्ड आहे का, ते पाहा. सरळगावला ओळखीच्यांकडे जीफोर्स २१० होतं, २००९ चं. त्याला लागणाऱ्या ३४० मालिकेच्या ड्रायव्हरचा आधार एनव्हिडियाने २०१९ अखेर थांबवला, आणि नव्या कर्नलवर तो धड बसतही नाही. त्यावर कुणी वेळ घालवू नये. आम्ही ते कार्ड काढलं, पडद्याची वायर सरळ मदरबोर्डला लावली आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम भागलं. तुझ्याकडे तसं कार्ड निघालं तर वीज पूर्ण बंद करून, शाळेतल्या गुरुजींना सोबत घेऊनच काढ. एकटीने डबा उघडू नकोस.

तुझ्याच शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड गुरुजींनी डिजिटल केली, तेव्हा राज्यभरातले शिक्षक ती बघायला येत. सुट्टीच्या दिवशी जमलं तर त्या बाजूला चक्कर मार. पाड्यावरच्या शाळेत थोडक्या पैशांत काय उभं राहू शकतं ते बघितलंस, तर नव्या संगणकाचा विचार आपोआप मागे पडेल.

आणि हो, दुपारी वीज जाते म्हणतेस, मग इन्व्हर्टरवर चालवताना तर हे सगळं जास्तच महत्त्वाचं. चिपच्या त्या भागाने व्हिडिओ उलगडला की वीजही कमी लागते. उन्हाळा जवळ आला, तुमच्या पाड्यावर टँकर सुरू व्हायच्या आत पिण्याच्या पाण्याची सोय बघून ठेव. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि धरणाशेजारच्या पाड्यांवर हंडे रांगेत लागतात, याचा राग मला अजून येतो. जेवत जा वेळेवर.

तर शनिवारी शाळा सुटली की आधी ती सहा अक्षरं टाइप कर आणि जी यादी येईल तिचा फोटो मला पाठव. त्यात एच.२६४ खरोखरच दिसलं नाही, तर पुढचं आपण दोघी मिळून ठरवू. तोवर दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझी,
आत्या