जुन्या घराची ठेव

‘जुनें तें सोनें’ असें आपण सहज म्हणून जातों. परंतु जुनें म्हणजे नेमकें काय, याचा विचार क्वचितच करतों. इंग्लंडांत ससेक्सच्या अल्फ्रिस्टन खेड्यांत पाद्र्याचें म्हणून ओळखलें जाणारें चवदाव्या शतकांतील एक घर आहे. ओक लांकडाचा सांगाडा, त्यांत कुडाच्या भिंती, वर गवती शाकार, आणि माजघरांत खडूचा चुरा आंबट दुधासह ठोकून केलेली जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें पाडावयाचें घाटत होतें. १८९५ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टनें १८९६ मध्यें तें अवघ्या १० पौंडांस घेतलें. त्या संस्थेची ती पहिली वास्तु.

येथें शंका उद्भवते. शाकार कुजतें, तें कांहीं दशकांनीं बदलावें लागतें; कुडाची माती झडते, ती पुन्हां लिंपावी लागते. मग राखावयाचें तें काय? आम्हांस वाटतें, पूर्वीच्या माणसांनीं निवारा कसा केला याची साक्ष राखावयाची. साक्ष खरी असेल तरच तिला मोल. १८७७ मध्यें विल्यम मॉरिस व त्याच्या स्नेह्यांनीं प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ मंडळ काढलें, त्याचा आग्रह हाच होता: डागडुजी करा, पण नव्यास जुन्याचें सोंग देऊं नका. जो असें सोंग रचतो, तो मृतांच्या तोंडीं आपले शब्द घालतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गरिबांस छप्पर नसतां जुन्या घराचें कौतुक कशाला? ट्रस्टच्या तीन संस्थापकांपैकीं ऑक्टेव्हिया हिल १८६५ पासून लंडनच्या गरीब भाडेकरूंच्या घरांची व्यवस्था पाहत होती. म्हणजे हीं दोन कामें एका आयुष्यांत नांदूं शकतात. तथापि तेवढ्यानें आक्षेप संपत नाहीं. मध्ययुगीन माजघरास धुराडें नसे. उघड्या चुलीचा धूर शाकाराखालीं कोंडे. हा धूर विसरून केवळ शोभा पाहणें, हीही खोटी साक्षच होय.

जें आपल्या हातीं आहे, पण आपलें नाहीं, त्यास आपण ठेव म्हणतों. ठेव उधळणें हा दोष आहे, तसाच ती बदलून खोटी परत करणें हाही. ती मागावयास येणारे अजून जन्मावयाचे आहेत, म्हणूनच हिशेब अधिक चोख हवा.