श्वासातली अहिंसा

सासवडहून निघणारा संत सोपानकाकांचा सोहळा सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे करत बारामतीला जातो. त्या वाटेवर आमचे वडगाव निंबाळकर. गेल्या एकादशीला देवळात हरिपाठ झाला, मंडळी उठली, आणि गावातला एक तरुण मागे थांबला. पुण्यात सदाशिव पेठेत राहून तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. खोली लहान, एकच खिडकी, दोन कॉट. एक याची, एक रूममेटची. टाळ पिशवीत घालता घालता तो म्हणाला, “तात्या, एक विचारू का? माझा रूममेट खोलीतच सिगारेट ओढतो. रात्री अभ्यासाला बसला की चार-पाच तरी होतात. माझा घसा धरतो, डोळे चुरचुरतात. पण मला बोलवत नाही. मागे दोन महिने घरून पैसे आले नाहीत, तेव्हा माझे मेसचे पैसे त्यानेच भरले. तापाने पडलो तेव्हा दवाखान्यात त्यानेच नेले. अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगू? आणि आपण माळकरी. सहन करावे, दुसऱ्याचे मन दुखवू नये, हेच ना आपल्याला शिकवलेय?”

प्रश्न त्याने मला विचारला, पण तो ऐकून माझी मान खाली गेली. का, ते पुढे सांगतो. आधी प्रश्नाचा विचार करू, कारण तो एकट्या त्याचा नाही. वसतिगृहात, कामगारांच्या खोल्यांत, आणि खरे सांगायचे तर आपल्या दिंडीच्या राहुटीतही तो आहे.

पहिला मुद्दा असा की हा त्रास नुसता वासाचा आहे की त्यात काही धोकाही आहे? वासाचा असेल तर सहन करावा, त्यात वाद नाही. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. पेटलेल्या सिगारेटचा किंवा विडीचा धूर दोन वाटांनी येतो. एक ओढणाऱ्याच्या छातीत जाऊन बाहेर पडतो. दुसरा दोन झुरक्यांच्या मध्ये जळत्या टोकातून थेट हवेत मिसळतो. हा दुसरा धूर कमी आचेवर, अर्धवट जळून निघतो, म्हणून त्यात विषारी द्रव्ये जास्त असतात. ओढणारा निदान काही झुरके घेऊन थांबतो. शेजारी बसलेल्याला मात्र खोलीतली हवा सोडता येत नाही.

जपानमध्ये ताकेशी हिरायामा नावाच्या संशोधकाने ९१,५४० बायकांची १४ वर्षे नोंद ठेवली. या बायकांनी स्वतः कधी सिगारेट ओढली नव्हती. तरी ज्यांचे नवरे खूप ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त निघाले. हे १९८१ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी सगळा पुरावा एकत्र करून सांगितले की ओढणाऱ्याबरोबर राहणाऱ्या न ओढणाऱ्या माणसाला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. अमुक एवढा धूर चालतो, अशी सुरक्षित पातळीच नाही. खिडकी उघडली, पंखा लावला, तरी धोका पुरता जात नाही. आपल्या देशात २०१६-१७ साली झालेल्या पाहणीत ३८.७ टक्के प्रौढ माणसांना घरातच दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावे लागते असे आढळले.

कायद्याने याची दखल घेतली आहे. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ साली न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, गांधी जयंतीच्या दिवशी, नवे नियम देशभर लागू झाले. एसटीत, कचेरीत, दवाखान्यात कोणी ओढू लागला तर त्याला दंड आहे. पण राहत्या खोलीत हा कायदा येत नाही. तिथे एकमेकांचा धर्मच कामाला यायचा.

आता कोणी म्हणेल, शरीर त्याचे, पैसा त्याचा, निम्मे भाडेही तो भरतो. त्याला सांगणारे आपण कोण? बरोबर आहे. त्याच्या छातीवर आपला अधिकार नाही. पण खोलीतली हवा निम्मी-निम्मी वाटता येत नाही. कॉट वाटता येते, कपाट वाटता येते, हवा येत नाही. विहिरीत दोन भावांचा सारखा हिस्सा असला तरी एकाने आपल्या हिश्शात घाण टाकून चालत नाही, कारण पाणी वाटे पाहून वाहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो आपल्या संप्रदायातून येतो. संतांनी लोकांचा छळ सोसला, मग आपल्याला धूर सोसवत नाही का? इथे नीट पाहिले पाहिजे. संतांनी सोसला तो स्वतःचा अपमान, स्वतःची निंदा. पण समोरचा माणूस अधर्म करतो आहे असे दिसले, तेव्हा ते गप्प बसले का? तुकोबारायांची गाथा उघडून पाहा. ढोंगाला, व्यसनाला, दुसऱ्याला दुखवण्याला त्यांनी किती स्पष्ट शब्दांत फटकारले आहे! तंबाखूच्या धुराचा निषेध करणारा अभंगही गाथेत आहे. तंबाखू या देशात येऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता, तरी महाराजांच्या नजरेतून ती सुटली नाही.

मानापमान गिळणे याला सहनशीलता म्हणतात. समोरच्याच्या हातून आपल्याला इजा होत असताना, त्याला ते ठाऊक नसताना, गप्प बसणे हे वेगळे. त्यात आपण त्याचेही अहित करतो, कारण त्याच्या पदरी नकळत परपीडेचे पाप टाकतो. ज्याने आपले मेसचे पैसे भरले, तापात उशाशी बसला, त्याला हे कळले तर तो हळहळेल की नाही? मग ते त्याच्यापासून लपवणे ही उपकाराची फेड कशी?

आता माझी मान खाली का गेली, ते सांगतो. मी स्वतः गळ्यात माळ घालून २२ वर्षे विडी ओढली आहे. मांस नाही, दारू नाही, एकादशी चुकवली नाही, वारी चुकवली नाही. विडीचे काय, असे वाटे. माळ घालताना विडीचे नाव कोणी घेतले नाही, आणि मीही विचारले नाही. रानातून आलो की ओसरीवर, आणि पावसाळ्यात घरातच, विडी पेटायची. मुले लहान होती तेव्हा मी विडी पेटवली की मंडळी पाळणा उचलून मागच्या पडवीत नेत. मला वाटायचे, वाऱ्याला नेतात.

पुढे मंडळींना दम लागू लागला. एका रात्री श्वास घेता येईना, बारामतीला न्यावे लागले. डॉक्टरांनी विचारले, “घरात कोणी ओढते का?” मी खिशावर हात ठेवला. आजार चुलीच्या धुराने किती आणि विडीच्या धुराने किती, हे त्यांनाही सांगता येईना. चुलीपुढेही त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. पण चूल त्यांनी माझ्यासाठी पेटवली होती. विडी मी कोणासाठी पेटवली होती?

घरी आल्यावर मी विचारले, “कधी बोलला का नाहीत?” त्या म्हणाल्या, “दिवसभर राबून यायचा तुम्ही. तेवढं एक सुख होतं तुम्हाला, त्यात काय बोलायचं?” तेव्हा मला पाळणा आठवला. त्या बोलल्या नव्हत्या असे नाही. रोज पाळणा उचलून सांगत होत्या, मलाच ऐकू आले नाही. त्यानंतर विडी सोडली. तीनदा सोडली आणि तीनदा धरली, चौथ्यांदा सुटली. मंडळींना आजही पंप घ्यावा लागतो. वारीला त्या आता गावच्या वेशीपर्यंतच येतात.

म्हणून त्या मुलाचा प्रश्न मला उलटा वाटतो. धूर सोसणाऱ्याने सोसावे की बोलावे, हा झाला दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न ओढणाऱ्याने स्वतःला विचारायचा आहे, की माझ्या श्वासाने कोणाला इजा होते का? रूममेट बोलू शकतो, नाही जमले तर खोली बदलू शकतो. बायको खोली बदलत नाही. पाळण्यातले मूल बोलत नाही. म्हातारी आई म्हणते, “असू दे रे.” ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने विचारण्याची जबाबदारी ज्याच्या हातात विडी आहे त्याचीच.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे लक्षण फार विस्ताराने सांगितले आहे. आपण अहिंसा म्हणजे मारू नये एवढेच धरतो. माउली अहिंसक पुरुषाचे चालणे सांगतात, बोलणे सांगतात, पाहणे आणि हातांची हालचाल सांगतात. आणि त्यात त्याचा श्वासही येतो. तो श्वासही कोमल असतो असे सांगतात. वर्षानुवर्षे हा अध्याय वाचला, पण या जागी थांबलो नव्हतो. मंडळींच्या आजारपणात वाचताना थांबलो. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणारा मी, माझ्या श्वासाखाली कोण येत होते ते मी पाहिलेच नव्हते.

त्या तरुणाला मी जे सांगितले ते इथे लिहितो. तो सिगारेट ओढत असताना बोलू नकोस. चहाला बसाल तेव्हा बोल. “तू वाईट आहेस” असे म्हणू नकोस; “मला त्रास होतो, खोलीत नको, बाहेर जाऊन ओढ” एवढेच सांग. तू खोलीत नसतानाही नको, हेही सांग, कारण धुराचा अंश चादरीत, पडद्यात, भिंतीत राहतो. त्याचे उपकार आधी बोलून दाखव, मग मागणे माग.

आणि त्याचा तिरस्कार करू नकोस. निकोटीन झुरक्याबरोबर काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि मेंदूला त्याची चटक लागते. सोडल्यावर पहिले काही दिवस जीव कासावीस होतो, चिडचिड होते, झोप उडते. हे मी भोगले आहे. तो माणूस हौसेने ओढत असेल असे समजू नकोस. पुष्कळदा तो दाव्याला बांधलेला असतो. पसायदानात माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले. इथे तर दुष्टही कोणी नाही, एक चांगला मुलगा आणि एक वाईट सवय आहे. त्याला सोडायची इच्छा झाली तर सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे समजावून सांगणारी माणसे असतात. पहिल्या आठवड्यात रात्री त्याच्याबरोबर जागा राहा. तुझ्या तापात तो जागला होता.

सगळे करूनही त्याने ऐकले नाही तर खोली बदल, आणि त्यात पाप मानू नकोस. वेगळ्या खोलीत राहूनही मैत्री राहते. मनात धुमसत राहून एका खोलीत राहण्यापेक्षा ते बरे.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा भेटला. म्हणाला, “बोललो. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवसापासून खाली रस्त्यावर जाऊन ओढतो. सोडली नाही अजून.” मी म्हटले, “जिना उतरतोय ना, ते तुझ्यासाठी. तेवढे आज पुरे.”

माउलींनो, आषाढीची वारी आता जवळ आली आहे. राहुटीत आपण दाटीने पथारी टाकतो. पाऊस आला की कनात चारी बाजूंनी बंद होते. आत लहान पोर असते, दमेकरी म्हातारा असतो, पोटुशी लेक असते. त्यांच्यातले कोणी “विडी विझव” असे म्हणणार नाही. एकमेकांच्या पाया पडणारा आपला संप्रदाय. ज्याच्या पायावर डोके ठेवतो त्याच्या तोंडावर धूर कसा सोडायचा? ज्याला सुटत नाही त्याने निदान राहुटीबाहेर, मंडळींपासून लांब जावे, एवढा नियम यंदा आपापल्या दिंडीत करू या. विणेकऱ्यांनी आणि दिंडीचालकांनी मनावर घेतले तर काही अवघड नाही. आणि घरी ज्यांच्या खिशात पेटी आहे, त्यांनी आज रात्री एकदा विचारावे, “माझ्या धुराचा तुला त्रास होतो का?” उत्तर “नाही” आले तरी लगेच विश्वास ठेवू नये. पाळणा कुठे हलवला जातो, तेही पाहावे.

राम कृष्ण हरि.