तुरटी कुठे चावते

वस्तरा मिटलेलाच राहू द्या. आधी आरसा पुसा आणि गळ्याकडे नीट बघा. पंढरपूर आपल्या सोलापूरपासून फार लांब नाही. तिथे जाणाऱ्या वारकऱ्यांचे संत सेना महाराज जातीने न्हावी, आणि त्यांनी अभंगात विवेकाला आरसा म्हटलं. आपल्याला आज तेवढाच विवेक पुरे आहे: कालची लाली अजून दिसत असेल, तर आज दाढी नको. उद्या करू.

लाली नसेल तर बसा. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे, कातडी आधीच वाळलेली. त्यात बोअरचं पाणी जड, साबण फेस धरत नाही. मिळालं तर पिण्याचं पाणी गरम करून घ्या. घरातला सोलापुरी टॉवेल त्यात बुडवा, घट्ट पिळा, गाल-गळ्यावर ठेवा. चादरीइतकाच हा टॉवेलही आपल्या गावाचा. दोन्हींनाही भौगोलिक मानांकन आहे. टॉवेलचे उभे फासे ऊब धरून ठेवतात. डोळे मिटा. तीन मिनिटं काहीच करायचं नाही. केस पाणी पितोय, फुगतोय, मऊ होतोय. कोरडा केस हट्टी असतो. भिजला की धारेला वाट देतो.

आता बोटांनी गळा चाचपा. खाली फिरवा, वर फिरवा, आडवं फिरवा. जिकडे गुळगुळीत लागतं तो केसांचा ओघ, जिकडे टोचतं ती उलटी दिशा. बहुतेकांचा गालावरचा ओघ खाली उतरतो. गळ्यावर मात्र तो कुठेही वळतो, कधी भोवराही असतो. हा नकाशा ज्याचा त्याचा वेगळा. घाई करू नका.

वस्तरा उघडा. चामडी पट्ट्यावर ओढताना पाठ पुढे, धार मागे. परतताना पाठीवरच उलटवा. हात हलका. मग फेस लावा, ब्रश गोल फिरवत.

डाव्या हाताने कानाजवळची कातडी वर ताणा. पातं गालावर जवळजवळ आडवं टेकवा, पाठ जेमतेम उचललेली. तीस अंशांच्या आसपास. फार उभं धरलं तर ते खरवडतं. जोर लावू नका, वस्तऱ्याचं वजन पुरेसं आहे. बोटभर ओढा, थांबा. आवाज ऐका. बारीक करकर येत असेल तर ठीक. आवाज बसला आणि पातं अडखळलं, तर चूक हाताची नाही, धारेची किंवा वाळलेल्या फेसाची. पुन्हा फेस लावा. कोरड्या जागेवर दुसरा हात कधीच मारू नका.

गळ्यावर मान मागे, श्वास सोडून, ओघाबरोबर. घाटीवरून थेट जाऊ नका. कातडी बाजूला सरकवून घ्या.

बोटांना थोडे खुंट लागतील. इथेच मोह होतो. उलटा हात मारला की केस कातडीच्या आत कापला जातो, मग आतच वळतो, आणि दोन दिवसांनी पुळी येते. माझं ठाम मत आहे: ते खुंट राहू द्यावेत. संध्याकाळी ते कुणालाही दिसत नाहीत.

गार पाणी मारा. ओल्या गालावरून तुरटी सावकाश फिरवा. जिथे ती चावेल, तिथे आज हात जड पडला. ती जागा उद्यासाठी लक्षात ठेवा.